शुश्रूषेची आचार्या : फ्लॉरेन्स नाइटिंगेल

हातांत दिवा घेऊन रात्रीच्या वेळीं जखमी शिपायांच्या खाटांमधून फिरणाऱ्या एका बाईचें चित्र आमच्या बहुतेक वाचकांनीं कोणत्या ना कोणत्या पुस्तकांत पाहिलें असेल. त्या चित्रांतील दिवा बहुधा चुकीचा असतो. चित्रकार तिच्या हातीं अल्लाउद्दिनाचा दिवा देतात. वस्तुतः तो घडी पडणारा तुर्की कंदील होता. ही चूक क्षुल्लक खरी. पण त्या चित्रामुळें दुसरी एक मोठी गोष्ट झांकली जाते. कंदील घेऊन फिरण्याचें काम दोन वर्षांहूनही कमी काळ चाललें. त्यानंतर चाळीसांहून अधिक वर्षें ती बाई आपल्या खोलींत बसून कागद, आंकडे आणि पत्रें यांच्याशीं झगडत होती, आणि आमच्या मतें तिची खरी थोरवी या दुसऱ्या कामांत आहे.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजीं इटली देशांतील फ्लॉरेन्स शहरीं झाला, व त्या शहराचेंच नांव तिला ठेवण्यांत आलें. घर श्रीमंत होतें. वडिलांनीं दोन्ही मुलींस स्वतः ग्रीक, लॅटिन, इतिहास व तत्त्वज्ञान शिकविलें. फ्लॉरेन्सला गणिताची विलक्षण गोडी होती. वयाच्या सोळाव्या वर्षीं, ७ फेब्रुवारी १८३७ रोजीं, परमेश्वर आपणांस त्याच्या सेवेस पाचारीत आहे अशी तिच्या मनाची खात्री झाली. मात्र ती सेवा कोणती, हें उमजण्यास पुढें कित्येक वर्षें लागलीं. जेव्हां उमजलें, तेव्हां घरांत मोठाच प्रसंग उभा राहिला. त्या काळीं इस्पितळांतील परिचारिका म्हणजे अडाणी व दारूबाज बायका अशी समजूत होती. कुलीन घरच्या मुलीनें तेथें पाऊल ठेवणें आईस व बहिणीस असह्य वाटलें. फ्लॉरेन्स उजाडण्यापूर्वीं उठून मेणबत्तीच्या उजेडांत इस्पितळांचे व सार्वजनिक आरोग्याचे अहवाल वाची, आणि दिवसां बैठकीच्या खोलींत पाहुण्यांचा सत्कार करी. मनास आवडलेल्या एका गृहस्थाची मागणीही तिनें याच कार्यासाठीं नाकारली. आपल्या मुलीनें नर्स व्हावें कीं नाहीं, या विचारांत पडलेल्या पालकांस ही हकीकत आजही अपरिचित वाटणार नाहीं.

शेवटीं १८५१ सालीं जर्मनींत कैझरस्वर्थ येथें पाद्री फ्लीड्नर यांच्या सेविकागृहांत तिनें सुमारें तीन महिने शिक्षण घेतलें, आणि १८५३ सालीं लंडनमधील हार्ली स्ट्रीटवरील एका लहान रुग्णालयाची ती अधीक्षक झाली. येथून पुढें आम्ही तिला एकेरी हांक मारूं शकत नाहीं. त्या आतां बाई झाल्या.

१८५४ सालीं क्रिमियाच्या युद्धांत जखमी शिपायांचे काय हाल चालले आहेत, हें टाइम्स पत्राच्या बातमीदारानें इंग्लंडच्या लोकांस कळविलें. देश हादरला. मंत्री सिडनी हर्बर्ट हे बाईंचे स्नेही. त्यांच्या विनंतीवरून बाई अडतीस परिचारिका घेऊन निघाल्या व ४ नोव्हेंबर रोजीं स्कुटारीच्या लष्करी इस्पितळांत पोंचल्या. तेथें साबण, टॉवेल व तस्तें यांचा तुटवडा होता, आणि उंदीर व पिसवा यांचा सुकाळ. बाईंनीं धोबीखाना घातला, पथ्याचें जेवण शिजविण्याची सोय केली, शिपायांच्या आयाबायकांस पत्रें लिहिलीं. रात्रीं कंदील घेऊन त्या फिरत, तो काळ हाच.

परंतु येथेंच एक गोष्ट सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. इतकें करूनही मृत्यु घटले नाहींत, उलट वाढले. १८५५ च्या फेब्रुवारींत शेंकडा सुमारें बेचाळीस रोगी मेले, आणि ते बहुतांशीं जखमांनीं नव्हे, तर पटकी, हगवण व टायफस यांनीं. इमारतीखालीं घाणीचे खड्डे तुंबलेले होते. मार्च महिन्यांत सरकारनें पाठविलेलें आरोग्य कमिशन आलें. त्यानें गटारें धुवून काढविलीं, मेलेलीं जनावरें हालविलीं, भिंतींस चुना देवविला, हवेस वाट करून दिली. जूनपर्यंत मृत्यूचें प्रमाण शेंकडा दोनच्या आसपास उतरलें.

युद्धकाळीं बाईंची समजूत अशी होती कीं, शिपाई उपासमारीनें व थंडीनें खंगून इतक्या उशिरां येतात कीं त्यांस वांचविणें शक्य नसतें. १८५६ सालीं परतल्यावर आंकडेशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या साह्यानें त्यांनीं सर्व मृत्यूंचा हिशेब मांडला, तेव्हां स्कुटारीचें इस्पितळच कित्येकांचा काळ ठरलें होतें, हें त्यांच्या ध्यानीं आलें. सारा देश ज्यांचें नांव आदरानें घेत होता, त्यांस हा हिशेब मिटवून ठेवणें सोपें होतें. त्यांनीं तो १८५८ सालीं छापून मंत्र्यांच्या हातीं दिला, आणि आंकड्यांस कंटाळणाऱ्यांसाठीं रंगीत आकृति काढल्या : टाळतां येण्याजोग्या रोगांचे मृत्यु निळे, जखमांचे तांबडे, इतर काळे. निळा रंग इतका पसरला कीं दुसरे रंग शोधावे लागत. त्याच वर्षीं लंडनच्या आंकडेशास्त्र मंडळानें त्यांस सभासद करून घेतलें. असा मान मिळालेल्या त्या पहिल्याच स्त्री होत.

क्रिमियांत जडलेल्या तापानें बाईंची प्रकृति कायमची बिघडली व पुढील पुष्कळसें आयुष्य खाटेवर गेलें. शुश्रूषा करणारीस दुखणेकऱ्याचा अनुभव मिळाला, आणि तो त्यांच्या १८५९ सालच्या शुश्रूषेवरील लहानशा पुस्तकांत पानोपानीं दिसतो. रोग बरा करते ती निसर्गाची शक्ति. परिचारिकेनें त्या शक्तीस मोकळीक मिळेल अशा स्थितींत रोग्यास ठेवावें, हें त्या पुस्तकाचें सार. खिडकी उघडी असावी, पण रोग्यास थंडी वाजूं नये. पहिल्या झोंपेंतून त्यास उठवूं नये. दाराबाहेर कुजबुजूं नये, कारण आपल्याविषयींच बोलणें चाललें आहे असें वाटून तो कान देतो. न खाल्लेलें अन्न उशाशीं ठेवूं नये. भेटीस येणाऱ्यांनीं खोटा धीर व फुकटचे उपाय देऊं नयेत. हें शेवटचें वाचतांना तर आमच्याकडील समाचाराची गर्दी डोळ्यांपुढें उभी राहिली!

निरीक्षणावरचें प्रकरण आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें. वैद्य येतो घटकाभर. चोवीस तास पाहते ती परिचारिका. तिनें चुकीचें सांगितलें तर निदानही चुकतें. म्हणून झोंप चांगली लागली ना, असें विचारूं नये. त्याचें उत्तर रोगी आपल्या संवयीच्या मापानें देतो. किती तास, रात्रीच्या कोणत्या वेळीं, असें विचारावें. भूक कशी आहे हें न विचारतां, ताटांतलें किती पोटांत गेलें हें पाहावें.

बाईंचें सर्वच बरोबर होतें असें नव्हे. घाणेरड्या हवेनेंच रोग होतात असें त्या दीर्घकाळ मानीत, व सूक्ष्म जंतूंची उपपत्ति त्यांनीं फार उशिरां स्वीकारली. पण त्यांनीं सुचविलेल्या स्वच्छतेनें जंतूही मरत होते, हा योग चांगला.

१८६० सालीं लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळांत त्यांच्या निधींतून परिचारिकांची शाळा निघाली. हिंदुस्थानांत त्या कधींच आल्या नाहींत. पण १८५९ सालीं नेमलेल्या येथील लष्करी आरोग्याच्या कमिशनचें पुष्कळसें काम त्यांच्याच लेखणीनें झालें. गोऱ्या शिपायांत वर्षाला दर हजारीं एकोणसत्तर मृत्यु होत. १८७३ पर्यंत तो आंकडा अठरावर आला. पुढें त्यांचें लक्ष रयतेकडे वळलें. दुष्काळ, पाटबंधारे, खेड्यांतील पाणी व घाण यांविषयीं त्यांनीं पुष्कळ लिहिलें. पुण्याच्या सार्वजनिक सभेशींही त्यांचा पत्रव्यवहार होता. १८९२ सालीं लंडनमध्यें निघालेल्या बेहरामजी मलबारी यांच्या चरित्रास त्यांचीच प्रस्तावना आहे.

उतारवयांत दृष्टि गेली. १९०७ सालीं ऑर्डर ऑफ मेरिट हा मान स्त्रियांत प्रथम त्यांस मिळाला. १३ ऑगस्ट १९१० रोजीं नव्वदाव्या वर्षीं त्या निवर्तल्या. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्यें दफन करण्याची सूचना नातलगांनीं नाकारली, कारण बाईंस थाट नको होता. हँपशायरमधील ईस्ट वेलो या खेड्याच्या देवळाच्या आवारांत त्यांची कबर आहे. तिच्यावर त्यांचें पूर्ण नांव नाहीं, नुसतीं दोन आद्याक्षरें व जन्ममृत्यूची नोंद कोरलेली आहे.