गुरांसाठी कुरण विकत घेणारे सर जमशेटजी; चर्नी रोड नावामागची गोष्ट

मुंबई : गिरगावजवळ पश्चिम रेल्वेचं चर्नी रोड स्टेशन आहे. आज तिथं चाऱ्याची काडी मिळणार नाही. पण हे नाव गुरांच्या चरणीवरून, म्हणजे चरायच्या जागेवरून पडलं असं सांगतात. ही चरणी मोकळी राखणारे गृहस्थ म्हणजे सर जमशेटजी जीजीभॉय.

१५ जुलै १७८३ रोजी पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. सोळाव्या वर्षापर्यंत आईवडील दोघंही गेले. शिक्षण जेमतेम. मामांच्या जुन्या बाटल्यांच्या धंद्यात ते शिरले. पुढं चीनशी कापूस आणि अफूचा व्यापार करून अमाप पैसा कमावला. त्या पैशाला अफूचा डाग आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. पण लोकांसाठी खर्च करतानाही त्यांचा हात सढळ होता. जे. जे. रुग्णालय त्यांच्याच देणगीतून उभं राहिलं.

त्या काळी मुंबईतल्या घरोघरी गुरं होती. कॅम्प मैदानावर, म्हणजे आताच्या आझाद मैदानाकडं, ती चरायची. १८३८ मध्ये इंग्रजांनी चराईवर कर बसवला. गरिबाला तो परवडेना. अखेर जमशेटजींनी पदरचे २०,००० रुपये घालून ठाकूरद्वारजवळ समुद्रकाठची कुरणं विकत घेतली आणि गुरांना फुकट चरायला मोकळी केली. त्याआधी १८३४ मध्ये भुलेश्वरच्या पांजरपोळासाठीही त्यांनीच पुढाकार घेतला होता.

१४ एप्रिल १८५९ रोजी ते वारले. शहर वाढलं, रेल्वे आली, इमारती झाल्या. कुरण गेलं, नाव तेवढं उरलं.

आपल्याकडंही आज हेच चाललंय. गोदाम असो, सोलर प्रकल्प असो की सभागृह, जागा बघायची म्हटलं की पहिली नजर गायरानावर जाते. कारण तिथं कुणा एकाची मालकी नाही, म्हणून भांडायलाही कुणी येत नाही. खरं तर २०११ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितली आहेत.

जमशेटजींना कुरण विकत घ्यावं लागलं. आपलं गायरान सातबाऱ्यावर आधीच आहे. आपल्या गावचा उतारा मोबाईलवर काढून बघा, आणि पुढच्या ग्रामसभेत बांधकामाचा ठराव आला तर आधी पडीक जागा दाखवा म्हणून उभं राहा. एकदा पाया खोदला की तिथं परत गवत उगवत नाही.