इरावतीबाई आणि १४९ कवट्या

देहूहून आळंदीकडे निघाले की इंद्रायणीच्या काठाने चिखली लागते. तुकोबांचे टाळ इथे पडले अशी श्रद्धा असल्याने जुनी माणसे अजूनही टाळगाव चिखली म्हणतात. आता गावाभोवती कारखाने, भंगाराची गोदामे आणि भाड्याच्या खोल्या उभ्या आहेत. मराठवाड्यापासून बिहारपर्यंतची माणसे तिथे भिंतीला भिंत लावून राहतात. जवळच, भोसरीत, एड्सवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था १९९२ पासून आहे. काही समाजांत एखादा आजार जास्त का दिसतो? कारण रक्तात असते की समाजाने घातलेल्या कुंपणात? याच्या मुळाशी असलेला प्रश्न पुण्याच्या एका तरुणीने बर्लिनमध्ये हाती घेतला, त्याला आता शंभर वर्षे होत आली. ‘युगान्त’कार इरावती कर्वे म्हणून मराठी वाचक त्यांना ओळखतात.

त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशातला. तिथल्या नदीवरून वडिलांनी, गणेश करमरकरांनी, नाव ठेवले. सातव्या वर्षी त्या पुण्यात हुजूरपागेत आल्या आणि पुढे रँग्लर परांजप्यांच्या घरात वाढल्या. मुंबईत घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्राची पदवी घेतली. दिनकर कर्वे यांच्याशी लग्न झाले. सासरे म्हणजे महर्षी धोंडो केशव. स्त्रीशिक्षणासाठी जन्म वेचलेल्या या सासऱ्यांना सुनेचे जर्मनीला जाणे मात्र पसंत नव्हते. दिनकररावांनी ऐकले नाही.

१९२८ मध्ये त्या बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर तेव्हा मानववंश आणि आनुवंशिकतेच्या नामांकित संस्थेचे प्रमुख होते. फिशर यांचे नाव झाले ते आफ्रिकेतल्या एका अभ्यासामुळे. १९०८ मध्ये ते नैर्ऋत्य आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत रेहोबोथ येथे गेले. गोरे पुरुष आणि स्थानिक स्त्रिया यांच्या वंशजांची मोजमापे त्यांनी घेतली आणि असा संकर होऊ देऊ नये, असा निष्कर्ष काढला. मोजमापे खरी होती. निष्कर्ष त्यांतून निघत नव्हता, तो आधीच मनात होता. पण त्याच्यावर विज्ञानाचा शिक्का बसला आणि भिन्नवंशीय प्रेम व लग्न हा आरोग्याचा धोका ठरला.

इरावतीबाईंना विषय मिळाला तो कवटीच्या विषमतेचा. कोणत्याही माणसाची कवटी उजवी-डावीकडे तंतोतंत सारखी नसते. युरोपीयांच्या कवटीतली विषमता त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण असावी, असा फिशर यांचा कयास होता. पंचविशीही न गाठलेल्या, परक्या भाषेत शिकणाऱ्या, स्वतः गोऱ्या नसलेल्या विद्यार्थिनीने तो सिद्ध करायचा होता. तिने १४९ कवट्या मोजल्या. वेगवेगळ्या वंशांच्या त्या कवट्यांत विषमता होती, पण वंशाशी तिचा काही संबंध लागेना. तिने तसेच लिहिले. पदवी मिळाली, श्रेणी मात्र सर्वांत खालची. इरावतीबाई १९३० मध्ये पुण्याला परतल्या. पाच वर्षांनी जर्मनीत ज्यूंशी लग्न व शरीरसंबंध गुन्हा ठरवणारे कायदे आले आणि १९३७ मध्ये आफ्रिकी वंशाच्या जर्मन मुलांची सक्तीने नसबंदी झाली. त्या मुलांची तपासणी करणाऱ्यांत फिशर यांचीही मंडळी होती.

इरावतीबाईंनी मोजपट्टी टाकून दिली नाही, यावरून त्यांच्यावर टीकाही होते आणि ती अगदीच गैर नाही. डेक्कन कॉलेजात त्या १९३९ पासून होत्या; महाराष्ट्रभर हिंडून त्यांनी माणसे मोजली, पुढे रक्तगटही तपासले. पण मोजून त्या पोहोचल्या वेगळ्याच ठिकाणी. कैलाश मल्होत्रा यांच्यासह १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाराष्ट्रातले ब्राह्मणांचे आठ गट होते. दर्जा सारखाच, तरी शरीराची मापे वेगवेगळी. जातीचे एक नाव म्हणजे एक रक्त नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या कोण कोणाशी लग्न करते, त्या वर्तुळाचे ठसे शरीरावर उमटतात.

आरोग्याच्या दृष्टीने ही गोष्ट फार उपयोगाची आहे. सिकलसेलसारखा जनुकीय आजार लग्नाच्या वर्तुळातच फिरत राहतो. विषाणूला मात्र रक्ताचे कुळ कळत नाही. तो शरीरसंबंधांच्या जाळ्यातून जातो, आणि ते जाळे कुठे तुटते, कुठे घट्ट होते, हे समाज ठरवतो.

अमेरिकेत कृष्णवर्णीय लोकसंख्येच्या सुमारे १२ टक्के आहेत, पण एचआयव्हीच्या नव्या निदानांत त्यांचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास असतो. शरीर वेगळे असेल किंवा वागणे सैल असेल, असे पुष्कळांनी गृहीत धरले. समलिंगी पुरुषांच्या अभ्यासांत कृष्णवर्णीयांचे वागणे गोऱ्यांपेक्षा अधिक धोक्याचे आढळले नाही. मग फरक कुठला? इतर वंशांचे लोक त्यांना जोडीदार म्हणून टाळतात, त्यामुळे जाळे लहान आणि बंदिस्त राहते. अशा जाळ्यात विषाणू आधीच जास्त असेल तर एकाच जोडीदारापासूनचा धोकाही वाढतो. शिवाय तपासणी उशिरा होते, औषध उशिरा मिळते. नियमित औषधाने रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी राहिला तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. औषधच पोहोचले नाही तर साखळी चालू राहते.

पुण्यातही असाच एक समज कोसळला. गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत देहविक्रय न करणाऱ्या स्त्रियांपैकी १३.६ टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या. बहुतेकींचा आयुष्यात एकच जोडीदार होता, नवरा. तोवर बोट दाखवले जात होते ते वस्तीकडे, ट्रकचालकाकडे, बाहेरगावच्या मजुराकडे.

इरावतीबाई हे पाहायला नव्हत्या. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्या गेल्या. भारतात एचआयव्ही सापडला तो १९८६ मध्ये. पण वर्तुळे कशी असतात, हे त्यांनी पालखीबरोबर पंढरपूरला चालत जाताना अगदी जवळून पाहिले होते. त्यांच्या दिंडीत ब्राह्मण होते, मराठे होते. चालणे एकत्र, अभंग एकत्र, जेवण मात्र वेगळे. सगळेच आंघोळ करून जेवतात, मग हे वेगळेपण कशाला, हा प्रश्न त्यांना रोज सलत राहिला. दोघांना एका पंगतीला बसवणे त्यांना जमले नाही. मग त्या एक जेवण एका गटात आणि पुढचे दुसऱ्या गटात घेऊ लागल्या.