लुई ब्रेल : वर्गात जागा मिळाली, पण पुस्तक?



४ जानेवारीला जागतिक ब्रेल दिन असतो. परिपाठात लुई ब्रेलची माहिती वाचली जाते, टाळ्या होतात आणि तास सुरू होतो. आज हीच गोष्ट जरा आपल्या वर्गाकडे बघत वाचूया.

लुईचा जन्म १८०९ साली फ्रान्समधील कुव्रे या गावी झाला. वडील घोड्यांचे खोगीर, लगाम बनवत. तीन वर्षांचा लुई त्यांच्या टोकदार हत्याराशी खेळत असताना एका डोळ्याला इजा झाली. जखम चिघळली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यातही गेला आणि पाचव्या वर्षापर्यंत त्याची दृष्टी पूर्ण गेली.

पण आईवडिलांनी त्याला घरात कोंडून ठेवलं नाही. वडिलांनी फळीवर खिळे ठोकून अक्षरं बनवून दिली, ती तो बोटांनी ओळखू लागला. धर्मगुरूंनी शब्द टाकला आणि गावच्या शाळेनेही त्याला इतर मुलांबरोबर वर्गात घेतलं. दोनशे वर्षांपूर्वी, बरं का! लुई ऐकून ऐकून शिकला, हुशार ठरला. मात्र बाकीच्यांनी पुस्तक उघडलं की त्याचे हात रिकामेच. वर्गात जागा होती, वाचन नव्हतं.

१८१९ मध्ये, दहाव्या वर्षी, तो पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत गेला. तिथे पुस्तकं होती, पण नेहमीचीच अक्षरं कागदावर उठवलेली. पुस्तकं जाडजूड, एकेक अक्षर चाचपायला वेळ लागे. असं लिहिणं तर मुलांना जमण्यासारखंच नव्हतं. का? कारण ती अक्षरं डोळ्यांसाठी घडली होती, बोटांसाठी नव्हे.

पुढे चार्ल्स बार्बिये यांची बारा टिंबांची लिपी शाळेत आली. कल्पना छान, पण एक अक्षर बोटाखाली मावत नव्हतं. लुईने टिंबं सहावर आणली. १८२४ मध्ये, अवघ्या पंधराव्या वर्षी! आता मुलं वाचू लागली आणि स्वतः लिहूही लागली.

मग सगळे खूश झाले असतील ना? नाही. लुई त्याच शाळेत शिक्षक झाला, तरी पुढे नव्या संचालकांनी या लिपीवर बंदी आणली. डोळसांपेक्षा वेगळी लिपी त्यांना नको होती. मुलं मात्र ती लपूनछपून वापरत राहिली. अखेर १८४४ मध्ये नव्या इमारतीच्या उद्घाटनात तिचं जाहीर प्रात्यक्षिक झालं. १८५२ मध्ये क्षयाने लुई गेला, वय ४३. फ्रान्सने लिपीला अधिकृत मान्यता दिली ती त्यानंतर दोन वर्षांनी. आज आपली मराठीही त्याच सहा टिंबांत वाचली जाते.

बघा, त्या शाळेतली मोठी माणसं वाईट नव्हती. त्यांनी फक्त स्वतःच्या सोयीने मुलाची सोय ठरवली. आपणही असंच करतो का? हजेरीत नाव आहे, पहिल्या बाकावर जागा आहे, म्हणून समावेशन झालं असं धरून चालतो का?

उद्या एवढंच करून पाहा. फळ्यावर लिहाल ते मोठ्याने बोला. इतर मुलं पुस्तक उघडतील तेव्हा त्या मुलाच्या हातात काय आहे ते बघा. आणि त्यालाच विचारा, बाळा, तुला कसं सोपं जाईल? उत्तर बहुतेक वेळा त्याच्याकडेच असतं. लुईकडे होतं तसं.