मैदान आणि व्यासपीठ

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील माध्यमिक शाळांचे रूप बदलू लागले होते. शिक्षण आता केवळ पुस्तके आणि परीक्षा एवढ्यापुरते मर्यादित राहिले नव्हते. शाळा सुटली की मैदानावर फुटबॉल, बेसबॉल, बास्केटबॉल यांचे संघ सराव करीत. शाळेच्या सभागृहात वादविवाद मंडळाच्या सभा भरत. ठरलेल्या विषयाच्या बाजूने काही विद्यार्थी बोलत, काही विरुद्ध बाजू मांडत आणि परीक्षक निकाल देत. एका शाळेचा संघ दुसऱ्या शाळेशी सामना खेळे, तेव्हा सारे गाव पाहायला लोटे. या उपक्रमांतून मुलांना सहकार्य, सभाधीटपणा आणि नागरिकत्व यांचे धडे मिळतात, अशी शिक्षकांची श्रद्धा होती.

परंतु हे धडे सर्वांसाठी खुले नव्हते. कातडीचा रंग काळा असेल, तर अनेक गावांत शाळेचे दारच बंद असे. ते उघडे असले, तरी मैदानावर आणि व्यासपीठावर जागा मिळेलच, याची शाश्वती नसे. अशा काळात एका कृष्णवर्णीय मुलाने या दोन्ही ठिकाणी आपले स्थान मिळवले. गायक, नट आणि मानवी हक्कांचे पुरस्कर्ते म्हणून पुढे जगभर गाजलेले पॉल रॉबसन ते हेच.

पॉल रॉबसन यांचा जन्म ९ एप्रिल १८९८ रोजी न्यू जर्सी राज्यातील प्रिन्स्टन या गावी झाला. त्यांचे वडील विल्यम ड्रू रॉबसन हे गुलामीत जन्मले होते. वयाच्या पंधराव्या वर्षी ते नॉर्थ कॅरोलायनातील मळ्यावरून निसटले, पुढे कष्टाने शिकले, लिंकन विद्यापीठाचे पदवीधर झाले आणि धर्मोपदेशक बनले. आई मारिया लुइसा या शिक्षिका होत्या. पॉल हा सर्वांत धाकटा मुलगा.

पॉल लहान असतानाच घरावर दोन आघात झाले. १९०१ साली वडिलांना प्रिन्स्टनच्या चर्चमधील पद सोडावे लागले. संसार चालवण्यासाठी या सुशिक्षित गृहस्थांनी घोडागाडी हाकली, लोकांच्या घरची राख वाहून नेली. पण कधी तक्रारीचा सूर काढला नाही. १९०४ साली चुलीतील निखारा कपड्यांवर पडून आई भाजली आणि तिचा मृत्यू झाला. तेव्हा पॉल पुरता सहा वर्षांचाही झाला नव्हता.

प्रिन्स्टनच्या माध्यमिक शाळेत कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश नव्हता. पॉलचा थोरला भाऊ विल्यम याला त्या शिक्षणासाठी ट्रेन्टन शहर गाठावे लागले होते. पॉलच्या वाट्याला मात्र ही वणवण आली नाही. वडिलांना पुन्हा धर्मोपदेशकाचे काम मिळाले आणि १९१० साली कुटुंब समरव्हिल या गावी राहायला आले. तेथील माध्यमिक शाळेत गोरी आणि काळी मुले एकत्र शिकत. अर्थात, काळ्या मुलांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती.

पॉलची खरी शाळा संध्याकाळी घरी भरे. वडील त्याच्याकडून लॅटिनचे पाठ करून घेत. भाषणातील प्रत्येक शब्दाचा उच्चार, प्रत्येक विराम ते कान देऊन ऐकत आणि मनासारखे झाले नाही, तर पुन्हा म्हणायला लावत. इतर मुलांना किती गुण मिळाले, याची त्यांना फिकीर नसे. पॉलने आपली सारी शक्ती पणाला लावली की नाही, एवढेच ते पाहत. त्यांनी मुलाला आणखी एक शिकवण दिली होती. गोऱ्या लोकांमध्ये वावरताना पुढे जावे. पण नम्र असावे, कृतज्ञ दिसावे आणि आपली भीती वाटेल असे काही करू नये. गुलामीचे चटके सोसलेल्या माणसाने अनुभवातून काढलेला हा निष्कर्ष होता. पहिल्या शिकवणीने पॉलला मोठे केले. दुसरीशी मात्र त्याला आयुष्यभर झगडावे लागले.

समरव्हिलच्या शाळेत पॉल सर्वत्र दिसू लागला. तो फुटबॉल, बेसबॉल आणि बास्केटबॉल खेळे, धावण्याच्या शर्यतींत उतरे, गायनवृंदात गाई, नाटकात काम करी आणि वादविवादात भाग घेई. शेक्सपिअरच्या ऑथेल्लोची भूमिका त्याने प्रथम केली ती या शाळेच्या रंगमंचावर. संगीत शिकवणाऱ्या आणि इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षिकांनी त्याचे गुण हेरले व त्याला उत्तेजन दिले. मुख्याध्यापकांना मात्र या मुलाचे असे पुढे येणे रुचत नव्हते. मैदानावर प्रतिस्पर्धी खेळाडू त्याला हेरून धक्के देत. पॉल सारे सोसत होता आणि खेळत होता.

शाळेच्या अखेरच्या वर्षी त्याने राज्यपातळीवरील वक्तृत्व स्पर्धेत भाग घेतला. हैती बेटावरील गुलामांच्या उठावाचा नेता तूसाँ लूव्हर्तूर याच्यावरील वेंडेल फिलिप्स यांचे गाजलेले भाषण त्याने सादर केले. गोऱ्यांच्या वर्चस्वाला थेट आव्हान देणारे ते भाषण बहुतांशी गोऱ्या श्रोत्यांसमोर एक कृष्णवर्णीय मुलगा म्हणत होता. त्या शब्दांतील दाहकता तेव्हा पॉलच्या पूर्णपणे ध्यानात आली नव्हती. त्याचे सारे लक्ष उच्चार आणि आवाज यांच्याकडे होते. त्याला तिसरा क्रमांक मिळाला.

त्याच वर्षी, म्हणजे १९१५ साली, रटगर्स महाविद्यालयाच्या चार वर्षांच्या शिष्यवृत्तीसाठी परीक्षा झाली. इतर विद्यार्थ्यांनी तिचा पहिला भाग आदल्या वर्षीच दिला होता. पॉलला त्याची माहितीच नव्हती. त्यामुळे इतरांनी जेवढ्या वेळात शेवटच्या वर्षाचा अभ्यासक्रम लिहिला, तेवढ्याच तीन तासांत पॉलला चारही वर्षांच्या अभ्यासक्रमावर उत्तरे लिहावी लागली. शिष्यवृत्ती त्यानेच मिळवली. शाळेतील मुख्याध्यापकांच्या नाराजीला मिळालेले हे मुके उत्तर होते.

रटगर्समध्ये त्या वेळी पॉल हा एकटाच कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. फुटबॉल संघाच्या निवडीसाठी तो मैदानावर उतरला. अमेरिकी फुटबॉल हा अंगाला अंग भिडवून खेळण्याचा खेळ. अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचे आणि प्रतिस्पर्ध्याला शरीराने अडवायचे, असे त्याचे स्वरूप. काळा खेळाडू संघात नको, असे ठरवलेल्या मुलांना ही संधीच वाटली. सरावाच्या पहिल्याच दिवशी पॉलचे नाक फुटले, खांदा निखळला. दहा दिवस तो अंथरुणावर पडून होता. खेळ सोडून द्यावा, असे त्याला वाटू लागले. पण मैदानावर तो केवळ स्वतःसाठी उभा नाही, ज्यांना खेळायचे आहे आणि शिकायचे आहे अशा असंख्य कृष्णवर्णीय मुलांच्या वतीने उभा आहे, याची वडिलांनी दिलेली जाणीव त्याला मागे फिरू देईना. तो मैदानावर परतला. तेव्हा एका खेळाडूने बुटाने त्याचा हात चिरडला. बोटांची नखे उखडली गेली. संतापलेल्या पॉलने पुढच्याच डावात चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलले. तो त्याला जमिनीवर आदळणार, तोच प्रशिक्षक फॉस्टर सॅनफर्ड यांनी त्याची संघात निवड झाल्याचे ओरडून सांगितले.

संघात जागा मिळाली, तरी अपमान संपले नाहीत. १९१६ साली दक्षिणेकडील वॉशिंग्टन अँड ली विद्यापीठाच्या संघाने काळ्या खेळाडूविरुद्ध खेळण्यास नकार दिला. रटगर्सने पॉलला बाहेर बसवून तो सामना खेळला. सामना बरोबरीत सुटला. पॉल गप्प राहिला. पुढच्या दोन वर्षांत मात्र त्याचा खेळ असा बहरला की, १९१७ आणि १९१८ या दोन्ही वर्षी देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूंच्या संघात त्याची निवड झाली.

खेळाच्या बरोबरीने वक्तृत्वही चालूच होते. महाविद्यालयाची वक्तृत्व स्पर्धा त्याने चारही वर्षे जिंकली. मे १९१८ मध्ये वडिलांचे निधन झाले. त्यानंतर काही दिवसांतच स्पर्धा होती. वडिलांना दिलेला शब्द पाळण्यासाठी दुःख बाजूला ठेवून पॉल व्यासपीठावर उभा राहिला आणि पहिला आला. अभ्यासातील गुणवत्तेसाठी दिला जाणारा फाय बीटा कापा हा मानही त्याला लाभला. गायनवृंदात मात्र त्याचा आवाज हवा असे, पण समारंभानंतरच्या मेजवानीला तो नको असे. जून १९१९ मध्ये पदवीदान समारंभात त्याने वर्गाच्या वतीने भाषण केले. महायुद्धात कृष्णवर्णीय सैनिक देशासाठी लढले होते. आता देशाने त्यांना समान संधी द्यावी, असा त्या भाषणाचा रोख होता. ज्याने पूर्वी दुसऱ्याचे भाषण पाठ म्हटले होते, तो आता स्वतःचे म्हणणे मांडत होता.

यानंतर रॉबसन यांनी कोलंबिया विद्यापीठातून १९२३ साली कायद्याची पदवी घेतली. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी ते व्यावसायिक फुटबॉल खेळले. १९२१ साली इस्लांडा गुड यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वकिलीच्या कार्यालयात ते रुजू झाले. पण तेथील गोऱ्या लघुलेखिकेने काळ्या माणसाने सांगितलेला मजकूर उतरवून घेण्यास नकार दिला. रॉबसन यांनी वकिली सोडली आणि रंगभूमीची वाट धरली. १९२५ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी कृष्णवर्णीय गुलामांची भक्तिगीते जाहीर मैफलीत सादर केली. गुलामाच्या मुलाने गुलामांची गाणी प्रतिष्ठेच्या आसनावर नेऊन बसवली. १९३० साली लंडनमध्ये ते ऑथेल्लो म्हणून उभे राहिले. न्यूयॉर्कमध्ये १९४३ पासून झालेल्या याच नाटकाचे २९६ प्रयोग झाले.

कीर्ती आणि पैसा मिळाला तेव्हा वडिलांची दुसरी शिकवण रॉबसन यांच्यापुढे पुन्हा उभी राहिली. नम्रपणे गात राहिले असते, तर त्यांना काहीच कमी पडले नसते. परंतु दक्षिणेत कृष्णवर्णीयांना जमाव ठार मारत होता, वसाहतींतील जनता पारतंत्र्यात होती आणि खाणकामगार उपाशी होते. रॉबसन बोलू लागले. सोव्हिएत संघाबद्दल त्यांनी उघड आपुलकी दाखवली. तिथल्या दडपशाहीविषयी त्यांनी मौन पाळले, याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकी सरकारने १९५० साली त्यांचे पारपत्र रद्द केले. सभागृहे त्यांना जागा देईनात. त्यांची वार्षिक कमाई मोठ्या प्रमाणात घटली. महाविद्यालयीन फुटबॉलच्या नोंदींच्या एका पुस्तकातून तर त्यांचे नावही वगळले गेले. मैदानावर मिळवलेले यश कागदावरून पुसले गेले.

तरीही त्यांचा आवाज अडवता आला नाही. १९५२ साली त्यांनी कॅनडाच्या सीमेवर उभे राहून पलीकडे जमलेल्या हजारो श्रोत्यांसाठी गायन केले. १९५६ साली अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीपुढे त्यांना पाचारण करण्यात आले. तेथे त्यांनी समितीच्या प्रश्नांना निर्भीडपणे प्रत्युत्तरे दिली. ज्या देशाच्या उभारणीत आपल्या गुलाम पूर्वजांचा घाम जिरला, तो देश आपलाही आहे, अशी त्यांची भूमिका होती. प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकावे आणि लगेच मुद्देसूद उत्तर द्यावे, ही वादविवाद मंडळात लागलेली सवय त्या दिवशी उपयोगी पडली. १९५७ साली अटलांटिक महासागराखालून जाणाऱ्या दूरध्वनीच्या तारेवरून ते वेल्समधील खाणकामगारांच्या महोत्सवात गायले. अखेर १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या एका निर्णयामुळे त्यांना पारपत्र परत मिळाले.

भारताशी रॉबसन यांचा स्नेह जुना होता. १९३८ साली लंडनमध्ये त्यांची पंडित जवाहरलाल नेहरूंशी भेट झाली. भारताच्या स्वातंत्र्याला त्यांनी जाहीर पाठिंबा दिला. १९५८ साली त्यांची साठी भारतातही साजरी झाली. नेहरूंनी या कल्पनेचे स्वागत केले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला हे समारंभ समितीचे अध्यक्ष होते. न्यूयॉर्कमध्ये शिकत असताना रॉबसन यांच्या सहवासात आलेले आसामचे गायक भूपेन हजारिका यांनी त्यांच्या मिसिसिपी नदीवरील गाण्यापासून प्रेरणा घेऊन ब्रह्मपुत्रेवरील गीत रचले. पुढे गंगेला उद्देशून त्याचे हिंदी रूप देशभर लोकप्रिय झाले.

प्रकृती ढासळल्यामुळे रॉबसन यांची अखेरची वर्षे एकांतात गेली. २३ जानेवारी १९७६ रोजी फिलाडेल्फिया येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर १९ वर्षांनी, १९९५ साली, महाविद्यालयीन फुटबॉलच्या गौरवदालनात त्यांचा समावेश करण्यात आला.

शाळेतील क्रीडासंघ आणि वादविवाद मंडळ यांनी रॉबसन यांना दोन गोष्टी शिकवल्या. मैदानाने सोसायला शिकवले, व्यासपीठाने बोलायला. तरुणपणी ते पुष्कळ सोसत राहिले. प्रौढपणी त्यांनी बोलण्याची वाट निवडली आणि तिची पुरेपूर किंमत मोजली. ज्या मुलाला संघातून बाहेर बसवले असता तो गप्प राहिला होता, त्याच मुलाने पुढे सरकारसमोर आपला आवाज खाली येऊ दिला नाही. गुणवान मुलाला मैदान व व्यासपीठ मिळवण्यासाठी इतका झगडा करावा लागू नये, हीच त्यांच्या जीवनाची मागणी होती.