वाट करून देणारा वीर

मुलांनो, कयाधू नदीला पूर आला की आपण पाणी उतरेपर्यंत काठावर थांबतो. पण लढाईत फौजेला थांबून चालत नाही. पलीकडे शत्रू बंदुका रोखून बसलेला असतो. अशा वेळी पायदळाच्या मदतीला सैन्यातले इंजिनियर येतात. त्यांना सॅपर म्हणतात. ते नावा आणतात, तराफे बांधतात, शिपायांना पलीकडे पोचवतात आणि पूल उभारतात. माघार घ्यायची वेळ आली, तर शत्रूच्या उपयोगी पडेल ते सारे नष्ट करण्याचे कामही त्यांचेच. म्हणून पुढे जाताना सॅपर सर्वांच्या आधी असतो आणि मागे येताना सर्वांच्या शेवटी. रामा राघोबा राणे हे असेच एक सॅपर होते.

राणे यांचा जन्म २६ जून १९१८ रोजी कारवारजवळच्या चेंडिया गावी झाला. वडील पोलीस शिपाई होते. त्यांच्या सारख्या बदल्या होत, त्यामुळे रामाचे शिक्षण नीट झाले नाही. १९४० साली ते बॉम्बे इंजिनियर्स या पलटणीत भरती झाले. तिथे उत्तम रंगरूट म्हणून त्यांचा गौरव झाला.

तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते. राणे ब्रह्मदेशात जपानी फौजेशी लढत होते. आपली फौज आराकानमधून मागे हटली, तेव्हा महत्त्वाची सामग्री नष्ट करण्यासाठी राणे यांना थोड्या जवानांसह मागे ठेवले गेले. नंतर जहाजे येऊन त्यांना घेऊन जाणार होती. पण ते जमले नाही. समोर नदी होती आणि आसपास जपानी सैनिकांची गस्त होती. राणे घाबरले नाहीत. त्यांनी आपल्या जवानांना नदीपार नेले आणि पुन्हा आपल्या डिव्हिजनमध्ये आणून पोचवले.

पुढे १९४८ साली काश्मीरमध्ये लढाई पेटली. ब्रिगेडियर महंमद उस्मान यांच्या नेतृत्वाखाली आपल्या जवानांनी नौशेरा राखले. आता राजौरी सोडवायची होती. परंतु वाटेत शत्रूने सुरुंग पेरले होते आणि झाडे पाडून रस्ता अडवला होता. रणगाडे जाणार कसे? ८ एप्रिलला राणे यांची तुकडी सुरुंग काढायला निघणार, तोच तोफगोळे कोसळले. दोन जवान ठार झाले. राणे यांच्यासह पाच जण जखमी झाले. तरीही ते मागे गेले नाहीत. उरलेल्या जवानांना गोळा करून त्यांनी काम सुरू केले. ११ एप्रिलपर्यंत पहाटेपासून रात्रीपर्यंत, गोळीबार चालू असतानाही, ते वाट मोकळी करत राहिले. मुघल काळातील सराय असलेल्या चिंगसपर्यंत रस्ता खुला झाला. १२ एप्रिलला आपली फौज राजौरीत पोचली. अनेक निर्वासितांचे प्राण वाचले.

या पराक्रमाबद्दल राणे यांना परमवीर चक्र मिळाले. हा सन्मान जिवंतपणी मिळवणारे ते पहिले वीर. पुढे ते मेजर झाले. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. २०२३ साली अंदमानातील एका बेटाला त्यांचे नाव देण्यात आले.

मुलांनो, रस्त्यावरून जाणाऱ्याला रस्ता करणाऱ्याचे नाव बहुधा ठाऊक नसते. तुम्ही मात्र हे नाव लक्षात ठेवा. दुसऱ्यांना सुखरूप पलीकडे पोचवणे, हीदेखील मोठी बहादुरी आहे.