जुनी विमानं बदलायला पैसा आणायचा कुठून? सरकारी एअर इंडिया २५ वर्षं सांभाळणाऱ्या जेआरडींची गोष्ट

भंडारा जिल्ह्यातलं मोहाडी म्हणजे धानपट्ट्यातलं तालुक्याचं गाव. इथे विमानतळ नाही. पण देशातल्या सगळ्यात गाजलेल्या विमानखरेदीचा विषय निघाला की चर्चा या भागापर्यंत येतेच. २००५-०६ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी कंपन्यांसाठी १११ नवी विमानं घ्यायचं ठरलं. तेव्हा नागरी विमान वाहतूक खातं होतं प्रफुल्ल पटेल यांच्याकडे, आणि त्याआधी ते तीनदा भंडाऱ्याचे खासदार राहिले होते.

ती खरेदी बरोबर की चूक, यावर आजही वाद होतात. पण सरकारी विमान कंपनीची म्हातारी झालेली विमानं बदलायची तर पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न २००५ चा नाही. पन्नास वर्षं आधी तो एका माणसासमोर उभा राहिला होता. त्यांचं नाव जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा, म्हणजेच जेआरडी.

दोन लाख रुपये आणि दोन छोटी विमानं

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसमधला. वडील पारशी, आई सुझान फ्रेंच. सुट्टीत हे कुटुंब फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या आर्देलो गावी जायचं. तिथे शेजारी होते लुई ब्लेरिओ, म्हणजे विमानातून इंग्लिश खाडी पहिल्यांदा ओलांडणारे वैमानिक. तिथेच पोराला विमानाचं वेड लागलं.

१९२५ मध्ये ते टाटांच्या कंपनीत बिनपगारी उमेदवार म्हणून लागले. पुढच्याच वर्षी वडील गेले. १९२९ मध्ये त्यांनी वैमानिकाचा परवाना मिळवला. भारतात दिला गेलेला हा पहिला परवाना, त्यावर क्रमांकही १ होता.

नेव्हिल विन्सेंट नावाचा एक वैमानिक त्यांच्याकडे योजना घेऊन आला. इंग्लंडहून कराचीपर्यंत विमानाने टपाल येतं, ते पुढे मुंबई आणि मद्रासला आपण न्यायचं. दोराबजी टाटा आधी तयार नव्हते. शेवटी दोन लाख रुपयांच्या भांडवलावर होकार मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडींनी स्वतः पस मॉथ विमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरवलं. तिथून पुढे मद्रासला टपाल नेलं विन्सेंट यांनी.

जुहूची धावपट्टी म्हणजे नुसतं मातीचं मैदान. पावसाळ्यात तिथे पाणी भरायचं, मग कारभार पुण्याला हलवावा लागायचा. तरी पहिल्याच वर्षी कंपनीला ६० हजार रुपये नफा झाला. कमाईतून विमान, विमानातून पुन्हा कमाई, असा हा साधा हिशेब होता.

सरकारने कंपनी घेतली, पण माणूस तोच ठेवला

१९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली. १९४८ मध्ये परदेशी उड्डाणांसाठी एअर इंडिया इंटरनॅशनल ही वेगळी कंपनी निघाली. त्यात सरकारचा वाटा ४९ टक्के, टाटांचा २५ टक्के, बाकी लोकांचा. ८ जून १९४८ ला मलबार प्रिन्सेस हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं.

देशातल्या मार्गांवर मात्र गोंधळ होता. महायुद्ध संपल्यावर डकोटा विमानं स्वस्तात मिळू लागली आणि सरकारने भरमसाट परवाने वाटले. प्रवासी थोडे आणि कंपन्या जास्त, त्यामुळे बहुतेक सगळ्याच तोट्यात गेल्या. १९४९ च्या जानेवारीत सरकारने रात्रीची टपाल विमानसेवाही सुरू केली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची विमानं मध्यरात्री नागपूरला एकत्र यायची आणि टपालाची अदलाबदल करून परत फिरायची. विदर्भासाठी ही अभिमानाची गोष्ट होती. पण रात्री विमान उतरवायच्या सोयी पुरेशा नसताना ही सेवा नको, असं जेआरडींचं मत होतं. दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांच्याशी त्यांचे यावरून जाहीर खटके उडाले.

पुढे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या समितीने या उद्योगाची चौकशी केली. तरीही कंपन्या सावरल्या नाहीत. शेवटी १ ऑगस्ट १९५३ पासून सगळ्या विमान कंपन्या सरकारच्या झाल्या. देशांतर्गत कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली, परदेशी उड्डाणं एअर इंडिया इंटरनॅशनलकडे राहिली.

आपल्याला विश्वासात न घेता निर्णय झाला, हे जेआरडींच्या मनाला लागलं. त्यांनी नेहरूंना ते कळवलंही. पण सरकारने अध्यक्षपद देऊ केलं, तेव्हा ते नाही म्हणाले नाहीत. आपण बाजूला झालो तर कंपनीचा दर्जा घसरेल, ही भीती त्यांना होती. पगार न घेता ते सरकारी कंपनीचे अध्यक्ष झाले.

पंख्याच्या विमानांचे दिवस संपले

आता येतो पैशाचा मुद्दा.

१९५० च्या दशकात एअर इंडियाकडे कॉन्स्टेलेशन आणि सुपर कॉन्स्टेलेशन ही पंख्याची विमानं होती. ती उडण्यालायक होती. पण अमेरिकेत बोइंग ७०७ हे जेट तयार होत होतं, जवळपास दुप्पट वेगाचं. प्रतिस्पर्धी कंपन्यांनी जेट आणली की पंख्याच्या विमानात कोण बसणार? म्हणजे विमान यंत्र म्हणून चालू असलं, तरी धंद्यासाठी म्हातारं झालं होतं.

अडचण अशी की जेटसाठी आजच नोंदणी करायची, विमान मिळणार तीन-चार वर्षांनी, आणि पैसे द्यायचे डॉलरमध्ये. नेमकी तेव्हाच दुसरी पंचवार्षिक योजना सुरू झाली होती. पोलाद कारखान्यांसाठी यंत्रं आयात होत होती. १९५७ पर्यंत देशाची परकीय गंगाजळी इतकी आटली की प्रत्येक डॉलरचा हिशेब द्यावा लागत होता.

तरी १९५६ मध्ये एअर इंडियाने बोइंग ७०७ ची मागणी नोंदवली. फक्त तीन विमानं. दुसऱ्या वर्षी जागतिक बँकेने एअर इंडियाला जेटसाठी ५६ लाख डॉलरचं कर्ज दिलं, हमी भारत सरकारची. अशी बँक विमान कंपनीला कर्ज देते तेव्हा ती बघते की हे विमान स्वतःचा हप्ता फेडेल का. मार्ग कोणते, प्रवासी किती, कारभार कोणाच्या हातात, हे सगळं त्यात येतं. सरकारची हमी होतीच, पण कंपनीची पतही लागत होती, आणि ती आधीच्या कारभारातून तयार झाली होती.

१९६० मध्ये पहिलं बोइंग आलं. एप्रिलमध्ये लंडनला आणि मे महिन्यात न्यूयॉर्कला जेट सेवा सुरू झाली. जुनी सुपर कॉन्स्टेलेशन विमानंही भंगारात गेली नाहीत, त्यातली काही हवाई दलाने पुढे अनेक वर्षं वापरली. १९६२ मध्ये एअर इंडिया ही ताफ्यात फक्त जेट विमानं असलेली जगातली पहिली कंपनी ठरली.

ही पत टिकवायला जेआरडी बारीकसारीक गोष्टींत लक्ष घालायचे. प्रवासात ते काउंटरवरची धूळ, पडद्यांचा रंग, जेवणाची चव सगळं टिपून ठेवायचे आणि उतरल्यावर अधिकाऱ्यांना पत्र लिहायचे. प्रवासी परत आला तरच विमानाचा हप्ता निघतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

एका अपघातानंतर

१९७१ मध्ये पहिलं जम्बो जेट आलं. नाव एम्परर अशोका. १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून उडाल्यावर हेच विमान वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं. २१३ जण गेले.

पुढच्याच महिन्यात मोरारजी देसाईंच्या सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून काढलं. ही बातमी त्यांना सरकारकडून नाही, तर त्यांच्या जागी नेमलेल्या एअर चीफ मार्शल पी. सी. लाल यांच्याकडून कळली. १९८० मध्ये इंदिरा गांधींनी त्यांना संचालक मंडळावर परत घेतलं, पण अध्यक्षपद गेलं ते गेलंच.

१५ ऑक्टोबर १९८२ ला, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी पन्नास वर्षांपूर्वीचं कराची-मुंबई उड्डाण छोट्या लेपर्ड मॉथ विमानातून पुन्हा करून दाखवलं. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात त्यांचं निधन झालं.

मग पुढे काय झालं?

नव्वदच्या दशकाच्या मध्यानंतर सरकारी कंपन्यांनी जवळपास दहा वर्षं मोठी विमानखरेदीच केली नाही. ताफा जुना होत गेला आणि मग एकदम १११ विमानं घ्यायचं ठरलं. नवी विमानं हवी होती, हे कोणीच नाकारत नाही. अडचण पैसा उभा करण्यात होती. सरकारने टाकलेलं भांडवल नाममात्र, बाकी जवळपास सगळं कर्ज. २०११ मध्ये कॅगने आपल्या अहवालात यावरच बोट ठेवलं. २००७ मध्ये दोन्ही कंपन्यांचं विलीनीकरण झालं, तोटा वाढत गेला आणि २०१२ मध्ये सरकारला सुमारे ३० हजार कोटींची मदत योजना आणावी लागली.

२७ जानेवारी २०२२ ला एअर इंडिया टाटांकडे परत गेली. विक्रीच्या वेळी कंपनीवर ६१ हजार कोटींहून जास्त कर्ज होतं. टाटांनी त्यातलं १५,३०० कोटींचं कर्ज उचललं. उरलेल्याचा मोठा भार सरकारी खात्यावरच राहिला. म्हणजे मोहाडीत ज्याने आयुष्यात कधी विमानात पाऊल ठेवलं नाही, त्याच्याही करातून त्या विमानांचे पैसे जाणार.

जेआरडींच्या काळातही विमानं कर्जावरच आली होती आणि हमी सरकारचीच होती. पण तेव्हा विमानं तीन होती, आणि ती आपला हप्ता कशी फेडणार हे आधी ठरलं होतं.

२०२३ मध्ये टाटांच्या एअर इंडियाने ४७० नवी विमानं घ्यायचं जाहीर केलं. या वेळी हमी सरकारची नाही.