गिऱ्हाइकाला न दिसणारा पोरगा

सकाळच्या पुण्याच्या गाडीला यवतला कॉलेजची पोरं चढतात, तशी शहरातल्या कापड दुकानांत कामाला जाणारीही चढतात. आता एक करा. घरच्या लग्नाची खरेदी झाली, तेव्हा ताग्यावर तागा उलगडून दाखवणाऱ्या पोराचा चेहरा आठवा. नाही ना आठवत? मग एच. जी. वेल्सची गोष्ट वाचाच. ‘द इनव्हिजिबल मॅन’ लिहिणारा हा माणूस आधी असाच कापड दुकानातला पोरगा होता.

हर्बर्ट जॉर्ज वेल्सचा जन्म २१ सप्टेंबर १८६६चा, लंडनजवळच्या ब्रॉमलीतला. वडिलांचं चिनी मातीच्या भांड्यांचं छोटं दुकान होतं, पण ते नावालाच. घराला आधार होता तो वडिलांच्या क्रिकेटचा. जोसेफ वेल्स केंटकडून खेळायचे. १८६२ मध्ये ससेक्सविरुद्ध त्यांनी सलग चार चेंडूंवर चार विकेट काढल्या होत्या! पण १८७७ मध्ये मांडीचं हाड मोडलं आणि खेळ संपला. आई एका बड्या घरच्या वाड्यावर हाऊसकीपर म्हणून राहिली आणि पोराला कापड दुकानात शिकाऊ म्हणून चिकटवलं.

साउथसीच्या त्या दुकानात दिवसाला तेरा तास काम. झोपायचंही तिथंच, बाकीच्या पोरांसोबत. दोन वर्षं त्यानं कशीबशी काढली. १८८३ मध्ये एका रविवारी तो सतरा मैल, म्हणजे जवळपास सत्तावीस किलोमीटर चालत आईकडे गेला आणि आता हे जमणार नाही, असं सांगून टाकलं. शिकाऊ म्हणून घेण्यासाठी आईनं दुकानाला पैसे भरले होते, तरी तिनं अखेर ऐकलं. हा एक रविवार नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मग मिडहर्स्टच्या शाळेत तो शिकवता शिकवता शिकला. १८८४ मध्ये स्कॉलरशिप मिळवून लंडनच्या विज्ञान कॉलेजात गेला. तिथं जीवशास्त्र शिकवायला साक्षात थॉमस हक्सली! पण आठवड्याच्या एका गिनीत पोट भरायचं नाही. १८८७ मध्ये शेवटच्या परीक्षेत भूगर्भशास्त्रात गडी नापास. डिग्री मिळाली ती १८९० मध्ये, बाहेरून परीक्षा देऊन. केटी लागलीय म्हणून तोंड पाडून बसला असाल, तर पुढच्या तारखा बघा : १८९५ ‘द टाइम मशीन’, १८९७ ‘द इनव्हिजिबल मॅन’, १८९८ ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’.

‘इनव्हिजिबल मॅन’मधला ग्रिफिनही विज्ञान शिकलेला, कंगाल पोरगा. संशोधनासाठी तो बापाकडचे पैसे चोरतो. ते पैसे मुळात बापाचे नसतातच, आणि बाप स्वतःला गोळी घालून घेतो. ग्रिफिन अदृश्य होतो खरा, पण अंगावरचे कपडे दिसतात, म्हणून भर थंडीत उघडा फिरतो. कुत्र्यांना वास येतो, पायांचे ठसे उमटतात. मग रात्री आसरा कुठं घेतो? कापडही विकणाऱ्या एका भल्यामोठ्या दुकानात! ते दुकान लिहायला वेल्सला कुठं जाऊन माहिती काढावी लागली नसणार.

आता पडद्यावर काय झालं बघा. १९३३ मध्ये जेम्स व्हेलनं हॉलिवूडमध्ये सिनेमा केला. क्लॉड रेन्सचा चेहरा दिसतो तो थेट शेवटी. काळ्या मखमलीत गुंडाळलेला नट काळ्या पडद्यापुढं उभा करून त्याला गायब केलं होतं. नायिका ग्लोरिया स्टुअर्ट, म्हणजे ‘टायटॅनिक’मधली म्हातारी रोझ! पण इथं ग्रिफिन औषधामुळं वेडा होतो. वेल्सला हा बदल रुचला नव्हता. बरोबरच आहे, सगळा दोष औषधावर टाकला की माणूस सुटतो.

मुंबईत ही कल्पना नुसती गाजली. १९५७ चा ‘मिस्टर एक्स’ अशोककुमार आणि आपल्या नलिनी जयवंतचा. १९८७ चा ‘मिस्टर इंडिया’ कादंबरीवर थेट बेतलेला नाही, पण त्यानं सगळं उलटंच केलं. घड्याळ लावलं की अनिल कपूर कपड्यांसकट गायब, फक्त लाल उजेडात दिसणार. अदृश्य माणूस इथं अनाथ पोरांच्या बाजूनं लढतो. २०२० मध्ये ली व्हॅनेलनं आणखी वेगळं केलं. अदृश्य आहे तो छळणारा श्रीमंत जोडीदार, आणि गोष्ट आहे तिची, जिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

हे सिनेमे भारी आहेत, जरूर बघा. पण मूळ कादंबरीतली एक गोष्ट विसरू नका : ग्रिफिनची गरिबी. अदृश्य होण्याआधीही त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं, आणि त्यातूनच तो क्रूर झाला. वेल्सही तिथूनच आला होता. फरक इतकाच, की त्याचं ऐकणारी आई आणि शिकवणारी शाळा त्याला वेळेत मिळाली. ग्रिफिनला कुणीच मिळालं नाही.

१३ ऑगस्ट १९४६ रोजी वेल्स लंडनमध्ये गेला. तोवर जगभर त्याला कोण ओळखत नव्हतं? ताग्यामागं उभं असताना मात्र एकाही गिऱ्हाइकानं त्याला नाव विचारलं नसेल. पुढच्या खरेदीला तुम्ही विचारून बघा.